सर्जरी युनिटची ड्युटी लिस्ट: रात्री सीनियर नेमका कुठे हवा आणि दिवसा ज्युनियरला केस कधी द्यायची?

शल्य_सहायक

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी मेडिकल कॉलेजातलं जनरल सर्जरीचं ३० खाटांचं युनिट. ड्युटी लिस्ट नव्याने बसवायची आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं, ढोबळ नको.

माणसं अशी: युनिट हेड, एक सहयोगी प्राध्यापक, एक सहायक प्राध्यापक, एक सीनियर रेसिडेंट (एसआर). ज्युनियर रेसिडेंट (जेआर) सहा, तिन्ही वर्षांचे दोन-दोन (जेआर-१, जेआर-२, जेआर-३). पण त्यातला एक जण बहुतेक वेळा डीआरपीवर, म्हणजे तीन महिने जिल्हा रुग्णालयात. इंटर्न तीन-चार, कधी तेही नाहीत.

आठवडा असा: सोमवारी ओपीडी, आणि त्याच सकाळी ८ पासून मंगळवारी सकाळी ८ पर्यंत इमर्जन्सी. ओटी (ऑपरेशन थिएटर) बुधवारी आणि शनिवारी. रविवारची इमर्जन्सी सहा युनिटांत आळीपाळीने.

दुखणं दोन टोकांना आहे. रात्री कॅज्युअल्टी आणि इमर्जन्सी ओटी जवळजवळ पूर्णपणे जेआरच्या जिवावर चालते. सीनियरना फोन जातो, पण पेशंट खचल्यावर जातो. दिवसाच्या ओटीत बरोबर उलटं: पाच केसेसची लिस्ट दोनपर्यंत संपवायची म्हणून सगळं सीनियरच करतात, आणि तिसऱ्या वर्षाचा मुलगा लॅप कोलीमध्ये (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना) कॅमेरा धरूनच पास होतो. एकूण माणसं मोजली तर फार कमी नाहीत. मग चुकतंय कुठे?

---

विभाग_चार

सर, लिस्ट नावांपासून सुरू केली की चुकतेच. आधी जागा लिहा. इमर्जन्सीच्या रात्री तुमच्या युनिटचा माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी लागतो: कॅज्युअल्टी, इमर्जन्सी ओटी, वॉर्ड. प्रत्येक जागेपुढे दोन नावं हवीत. एक काम करणाऱ्याचं, दुसरं त्याचं अडलं तर काम हातात घेणाऱ्याचं. दुसरं नाव लिहिता येत नसेल तर ती जागा रिकामी आहे असंच धरायचं, तिथे ज्युनियर कितीही उभे असोत.

आत्ता रात्री काय होतं ते पाहा. एक वाजता परफोरेशन (जठर किंवा आतडं फुटलेला पेशंट) ओटीत जातं. जेआर-३ ऑपरेट करतोय, जेआर-१ असिस्टला. कॅज्युअल्टीत जेआर-२ एकटा. तेवढ्यात मोटरसायकल अपघात येतो, पोट ताठ, नाडी १२४. जेआर-२ शिस्तीप्रमाणे आपल्या वरच्याला फोन करतो, आणि वरचा हात धुऊन टेबलावर उभा आहे. ओटीतल्या मामांबरोबर (वॉर्डबॉयबरोबर) निरोप जातो, उत्तर येतं: फ्लुइड चालू ठेव, सोनोग्राफी करून घे, मी संपवून येतो. तास गेला. यात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. वरची कडी टेबलाला अडकली होती आणि लिस्टमध्ये तिला वळसा घालून जाणारा रस्ताच नव्हता.

म्हणून पहिला नियम हा करा: मेजर केस आत गेली की फर्स्ट ऑन-कॉल (ज्या सीनियरला पहिला फोन जातो तो) टेबलाकडे जातो आणि सेकंड ऑन-कॉलने हॉस्पिटलात येऊन कॅज्युअल्टीत बसायचं. ओटीत डोकवायचं नाही. आपल्याकडे सीनियर आला की हात धुऊनच उभा राहतो, त्यामुळे एका टेबलाभोवती तीन जण आणि कॅज्युअल्टीत एक पोरगा असं चित्र होतं.

दुसरं, 'अडलं तर फोन कर' हा नियमच नव्हे. नवख्याला आपलं अडलंय हेच उशिरा कळतं. फोन कधी करायचा हे त्याच्या अंदाजावर सोडू नका, आकड्यांवर बांधा. आणि 'कळवा' वेगळं, 'या' वेगळं. प्रत्येक ॲडमिशन, प्रत्येक ठरलेलं ऑपरेशन, दुसरीकडे पाठवायचा किंवा सल्ला न मानता सही करून निघालेला पेशंट हे सगळं फक्त कळवायचं. खालच्यापैकी काहीही असेल तर मात्र सीनियरने यायचंच:

– एक लिटर फ्लुइड गेल्यावरही वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा नाडी १२० च्या वर टिकून
– सलग दोन तास लघवी तासाला किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी
– रक्ताच्या दोनपेक्षा जास्त पिशव्या लागणं
– याच ॲडमिशनमध्ये उघडलेलं पोट पुन्हा उघडायची वेळ
– टॉर्शन (वृषणाला पडलेला पीळ), अडकलेलं आणि दुखरं हर्निया, रक्तपुरवठा तुटून थंड पडलेला पाय, फोर्निअर (जननेंद्रियाभोवतीची कूज) किंवा पसरणारं नेक्रोटायझिंग फॅसायटिस (ऊती कुजवणारा संसर्ग)
– त्याच पोटदुखीसाठी ४८ तासांत दुसऱ्यांदा आलेला पेशंट

शेवटचा मुद्दा लोक गाळतात, तो गाळू नका. दुसऱ्यांदा आलेला पेशंट म्हणजे पहिल्यांदा कोणाच्या तरी नजरेतून काहीतरी सुटलेलं असण्याची दाट शक्यता, आणि दुसऱ्यांदाही त्याला तितक्याच अनुभवाचा डोळा पाहणार असेल तर तेच पुन्हा सुटतं. टॉर्शन आणि थंड पायाच्या बाबतीत सहा तासांचं घड्याळ घरून निघतानाच सुरू झालेलं असतं. तालुक्याहून ॲम्ब्युलन्सने येईपर्यंत त्यातले तीन-चार गेलेले असतात.

फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुढचा नंबर. कोणाची परवानगी नको. केसपेपरवर फोनची वेळ आणि मिळालेला सल्ला, दोन्ही लिहायचं. या कागदावर युनिट हेडची सही घेऊन तो कॅज्युअल्टीत आणि ओटीच्या फोनशेजारी लावा. आणि मंगळवारच्या राउंडला 'एवढ्यासाठी उठवलंस?' असं एकदा जरी कोणी बोललं, तर पुढच्या सोमवारी फोन येणार नाही. ही एक गोष्ट युनिट हेडनेच सांभाळायची आहे, ती लिस्टने सांभाळता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये इमर्जन्सी लॅपरोटॉमीचं (तातडीने पोट उघडून केलेल्या ऑपरेशनचं) राष्ट्रीय ऑडिट चालतं. मृत्यूचा अंदाजे धोका ५ टक्के किंवा जास्त असेल तर कन्सल्टंट सर्जन आणि कन्सल्टंट भूलतज्ज्ञ दोघेही प्रत्यक्ष थिएटरात हवेत, असा त्यांचा निकष आहे. हा धोका सांगणारा पी-पॉसम स्कोअर मोबाइलवर पाच मिनिटांत काढता येतो. तिसऱ्या दिवशी पोहोचलेलं, वयस्कर माणसाचं पेरिटोनायटिस (पोटात पसरलेला संसर्ग) या रेषेच्या वरच निघतं. आकडा केसपेपरवर लिहिला की 'सर, जरा सीरियस वाटतंय' असं चाचरत सांगावं लागत नाही.

आणि सोमवारची ओपीडी. ओपीडी आणि इमर्जन्सी एकाच दिवशी असली की सकाळी ९ ते २ सगळे अनुभवी हात ओपीडीत आणि कॅज्युअल्टीत जेआर-१ व इंटर्न. रात्रीइतकाच हा धोक्याचा वेळ आहे, पण उजेडामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. सोमवारी एसआरला ओपीडीतून पूर्ण मोकळा करा. तो सकाळी ८ ते रात्री ८ कॅज्युअल्टीतच. ओपीडीची रांग अर्ध्या तासाने लांबेल, लांबू द्या.

---

भूल_टेबल

विभाग_चार सरांनी सर्जरीच्या बाजूचं सांगितलं. पण टेबलावर तीन विभागांची माणसं असतात आणि तिघांच्या लिस्ट तीन वेगळ्या खोल्यांत लागतात. तुमच्या जेआर-२ ला पहिलं हर्निया द्यायचं ठरलं, त्याच दिवशी आमच्याकडून पहिल्या सहामाहीचा रेसिडेंट आला आणि सिस्टर गेल्याच आठवड्यात मेडिसिन वॉर्डातून बदलून आलेल्या. प्रत्येक विभागाने आपापल्या परीने योग्यच माणूस दिलेला असतो, आणि टेबल मात्र पूर्ण नवखं.

एका टेबलावर एका वेळी एकच शिकणारा. सर्जन शिकाऊ असेल तर भूल देणारा आणि स्क्रब सिस्टर (हात धुऊन हत्यारं देणारी) मुरलेले हवेत. भूलचा रेसिडेंट पहिलं अवघड इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) शिकत असेल तर त्या केसला सर्जनने झटपट करणारा माणूस उभा करावा. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत ओटी लिस्ट आमच्या विभागात येतेच. त्यात 'शिकवण्याची केस' असा एक रकाना वाढवा आणि कोण करणार त्याचं वर्ष लिहा. आम्ही त्याप्रमाणे माणूस बदलतो. लिस्टमध्ये फक्त युनिट हेडचं नाव असेल आणि टेबलावर जेआर-२ उभा राहिला, तर आमचं गणित आधीच चुकलेलं असतं.

ते गणित असं. हेवी बुपिव्हॅकेनचं ३ मिली स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) सर्वसाधारणपणे दोन ते अडीच तास हात देतं. त्यातला अर्धा तास पोझिशन, पेंटिंग-ड्रेपिंग आणि वाट पाहण्यात गेला, तर सर्जनच्या हाती दीड-दोन तास. अनुभवी हाताचं पाऊण तासाचं हर्निया शिकणाऱ्याकडून दीड तास घेतं. ते बसतं, पण काठावर. दोन्ही बाजूंचं हर्निया, जुनं मोठं स्क्रोटल (अंडकोशात उतरलेलं) हर्निया किंवा पुन्हा उद्भवलेलं हर्निया शिकवायला घेतलं, तर अर्ध्यात पेशंट पाय हलवू लागतो आणि घाईत पूर्ण भूल द्यावी लागते. आम्हाला आधी कळलं तर आम्ही कंबाइंड स्पायनल-एपिड्युरल (बारीक नळीतून भूल वाढवता येते अशी पद्धत) लावून ठेवू शकतो.

अँटिबायोटिकचंही तसंच. छेद घेण्याआधीच्या ६० मिनिटांत दिलेलं सेफॅझोलिन चार तासांनी पुन्हा द्यावं लागतं. शिकवण्याची लॅपरोस्कोपी लांबली की हे हमखास राहतं, कारण नेहमी ती केस तासाभरात संपते आणि दुसऱ्या डोसची सवयच कोणाला नसते.

शिकवण्याची केस लिस्टमध्ये पहिली किंवा दुसरी ठेवा. शेवटी ठेवली तर एक वाजल्यानंतर सगळ्यांच्या मानेवर घड्याळ बसतं आणि सीनियर वीस मिनिटांत सुरी परत घेतो.

रात्रीबद्दल एकच. तुमचा सर्जन सीनियर आणि आमचा एकटा जेआर-१, किंवा उलट, असं पाच टक्क्यांच्या वरच्या पेशंटला चालत नाही. तुम्ही तुमच्या सीनियरला फोन कराल त्याच वेळी आमच्या सीनियरलाही करा. पेशंट टेबलावर चढल्यावर नको, कॅज्युअल्टीत ठरलं तेव्हाच.

---

लॅप_आणि_जाळी

दिवसाच्या ओटीत सुरी कोणाला कधी द्यायची याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. 'केस द्यायची की नाही' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. अख्खी केस द्यायची नसते, टप्पे द्यायचे असतात. मुलगा कुठल्या टप्प्यात कुठल्या पायरीवर आहे ते लिहून ठेवायचं. झ्विशची चार पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी पुरेशी आहे: सीनियर करून दाखवतो, सीनियर हात धरून करवून घेतो, सीनियर नुसती साथ देतो, सीनियर फक्त लक्ष ठेवतो. लॉगबुकात ऑपरेशनच्या नावापुढे 'असिस्टेड' आणि 'परफॉर्म्ड' एवढंच लिहून काही कळत नाही.

लिक्टेनस्टाइन हर्निया (जाळी लावून करायचं ऑपरेशन) घ्या. जेआर-१ ने छेद आणि शेवटचं शिवण. एक्स्टर्नल ऑब्लिक (पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा थर) उघडणं आणि कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी) वेगळी करणं जेआर-२ ने, सीनियर समोर. इलिओइंग्विनल नर्व्ह नावानिशी दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. सॅक (हर्नियाची पिशवी) सोडवणं हा टप्पा मी जेआर-२ कडे उशिरा देतो, कारण कॉर्डच्या शिरा आणि व्हास (वीर्यनलिका) इथे सापडतात. आणि जाळीचा पहिला टाका. सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून सीनियर याच वेळी हातमोजे काढून पुढच्या पेशंटकडे जातो. पण जाळी प्युबिक ट्युबरकलच्या (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या) पलीकडे मधल्या बाजूला दीड-दोन सेंटीमीटर गेली नाही, तर हर्निया नेमकं तिथूनच परत येतं. टाका हाडाच्या आवरणात गेला तर पेशंट वर्षभर दुखतंय म्हणून ओपीडीत येतो. हा टाका पडेपर्यंत सीनियरने टेबल सोडायचं नाही. त्यानंतर खुशाल सोडावं.

लॅप कोलीत पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारांच्या नळ्या) घालणं, फंडस (पित्ताशयाचं टोक) वर धरणं, शेवटी लिव्हरपासून पित्ताशय सोडवणं हे आधी द्या. शेवटचा टप्पा आधी शिकवला की मुलाला यंत्रांचा हात बसतो आणि धोका कमी राहतो. कॅलोज ट्रँगल (पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी असते तो त्रिकोण) सगळ्यात शेवटी. तिथे क्रिटिकल व्ह्यूच्या तीनही अटी पुऱ्या झाल्याशिवाय क्लिप हातात द्यायची नाही: त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा लिव्हरपासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच नळ्या दिसतायत. पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी कॅमेरा स्थिर धरून दाखवायचं. 'दोन दिसतायत' हे करणाऱ्याने तोंडाने म्हणायचं आणि सीनियरनेही म्हणायचं. दोघांपैकी एक गप्प असेल तर क्लिप नाही.

वेळेचा नियमही आधीच सांगून ठेवा. वीस मिनिटं काम पुढे सरकलं नाही, किंवा रक्तामुळे दोनदा सक्शन करूनही चित्र स्पष्ट होत नाही, की हात बदलायचा. तो मुलाचा अपमान नाही, आधीच ठरलेलं आहे. सीनियरनेही तिथे सरळ रेटायचं नाही. सबटोटल करणं (पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणं) किंवा पोट उघडणं हे पर्याय त्याने मोठ्याने बोलून दाखवावेत, म्हणजे मुलाला माघार कशी घ्यायची तेही दिसतं. बहुतेक रेसिडेंट हे न पाहताच पास होतात, आणि पुढे छोट्या गावात एकटे पडल्यावर नेमकं हेच लागतं.

पाच केसेसच्या लिस्टमध्ये एक शिकवण्याची केस साधारण ३०–४० मिनिटं जास्तीची खाते. म्हणून लिस्टच चारची लावा. पाच लावून शिकवायचं म्हटलं तर पाचवी रद्द होते, तो पेशंट रात्रीपासून उपाशी असतो आणि नातेवाइकांचा राग वॉर्डातल्या जेआर-१ वर निघतो.

---

ओटी_परिसेविका

डॉक्टरांच्या लिस्टवर एवढी चर्चा झाली, आमच्या लिस्टवर एका ओळीत. म्हणून लिहिते.

प्रत्येक चालू टेबलाला एक स्क्रब आणि एक बाहेरची सिस्टर लागते. रात्री दोन टेबलं चालू झाली की चार लागतात आणि असतात दोन किंवा तीन. मग बाहेरची सिस्टर दोन टेबलांमध्ये पळते आणि पहिला बळी मोजणीचा जातो. मॉप, गॉज, सुया यांची मोजणी सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी, आणि मध्ये स्क्रब सिस्टर बदलली तर त्या वेळीही. रात्री आठच्या ड्युटीबदलाला जे टेबल चालू असतं तिथे ही बदलाची मोजणी राहून जाते. तोंडी नको, पांढऱ्या फळ्यावर आकडा लिहून सोपवायचा. त्या वेळी सर्जन 'सिस्टर, लवकर' म्हणत असेल तर त्याने दोन मिनिटं थांबावं.

दुसरं म्हणजे बदल्या. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) हत्यारांचे सेट ओळखायला लागली की तिची वॉर्डात बदली होते. सगळ्यांना सगळीकडचा अनुभव हवा हे मान्य, पण ओटीतल्या सगळ्या एकाच महिन्यात बदलल्या तर टेबल कोसळतं. अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) एवढंच मागा की एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त बदलू नका, आणि नवीन आलेलीला पहिला महिना रात्र नको. शिकण्याचा क्रमही ठरवता येतो: मायनर सेट, मग हर्निया, मग लॅपरोटॉमी, लॅपरोस्कोपी शेवटी. लॅपरोस्कोपीत सुरीपेक्षा यंत्रच जास्त अडवतं. पोट फुगवायचा सीओटू सिलिंडर संपला, पाना सापडत नाही, लाइट केबल जळलेली. बारा मिलिमीटरवर ठेवलेला दाब मध्येच पडला की कॅमेऱ्यात काही दिसत नाही, आणि नेमकी शिकणाऱ्याची केस असेल तर तो गोंधळतो. भरलेला दुसरा सिलिंडर आणि पाना टेबलाजवळ आहे की नाही हे सकाळी साडेसातला पाहायचं, छेद घेतल्यावर नाही.

डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ मध्ये आली. तिच्यात टाइम आउटला सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं. आपल्याकडे कागदावर टिक होते आणि नावं कोणी सांगत नाही. सांगायला लावा, आणि वर्षही. 'मी अमुक, जेआर-२, आज सॅकपर्यंत मी करणार' एवढं म्हटलं की आम्हाला कळतं कुठल्या टप्प्यावर कोणाच्या हातात काय द्यायचं. नवख्या सिस्टरलाही धीर येतो.

---

जेआर_थ्री

सगळं पटलं. पण रेसिडेंटच्या तासांचा हिशोब मांडल्याशिवाय यातलं काहीच टिकणार नाही. केंद्र सरकारच्या ५ जून १९९२ च्या रेसिडेन्सी आदेशात सलग १२ तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे नको आणि आठवड्याचे ४८ तास असं लिहिलंय. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांत 'वाजवी' तास आणि आठवड्याची सुटी आहे. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी आलेला जेआर मंगळवारी संध्याकाळी जातो, म्हणजे ३४–३६ तास. मंगळवारी दुपारी बाराला त्यानेच रात्रीच्या पेशंटचे ड्रेन आणि लघवी मोजायची. तो मोजतो आणि चुकतो.

सहा जणांत सोमवार दोन पाळ्यांत बसतो. दिवसाचा गट: जेआर-३, जेआर-२, जेआर-१, सकाळी ८ ते रात्री ८. रात्रीचा गट तसाच तिघांचा, रात्री ८ ते सकाळी ८. रात्रीच्या गटाने सोमवारी दिवसा हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाही, 'जरा ओपीडीला ये' नाही. मंगळवारी हँडओव्हर करून ९ ला बाहेर, थेट बुधवारी ओटीला. दिवसाचा गट मंगळवारचा राउंड आणि वॉर्ड बघतो. महिन्याने गट उलटे.

डीआरपीवर कोण आहे ते महत्त्वाचं. ती तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाहीत होते, त्यामुळे जास्त करून जेआर-२ कमी होतो. कमी झालेला माणूस नेहमी दिवसाच्या गटातला धरा, कारण विभाग_चार सरांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसा एसआर कॅज्युअल्टीत आहेच. एकाच वर्षाचे दोघे एका वेळी बाहेर जाणार नाहीत हे विभागाच्या समन्वयकाकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या.

इतर रात्री वॉर्डाला प्रत्येक युनिटचा वेगळा जेआर बसवण्यात काही अर्थ नाही. दोन युनिटं मिळून ६० खाटांना रात्री एक जेआर-२ आणि एक जेआर-१ पुरतात, मात्र दोन्ही युनिटांचा हँडओव्हर एकाच कागदावर हवा. एवढं करूनही आठवडा ४८ मध्ये बसत नाही, साठच्या आसपास जातो. पण ३६ तासांचा पट्टा तुटतो.

पाळ्या केल्या की हँडओव्हर वाढतात, आणि माहिती तिथेच गळते. हे खरं आहे, म्हणून हँडओव्हरला रचना द्या. आय-पास पद्धतीत पाच गोष्टी असतात: पेशंट किती गंभीर, थोडक्यात काय झालं, काय करायचं राहिलंय, अमुक झालं तर काय करायचं, आणि घेणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. २०१४ मध्ये नऊ बालरुग्ण विभागांच्या अभ्यासात यामुळे वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं होतं. आपल्याकडे चौथी आणि पाचवी गोष्ट होतच नाही. 'खाट १२, ड्रेन बघ' एवढ्याने काही कळत नाही. 'खाट १२, ड्रेनमध्ये हिरवं आलं किंवा तासाला १०० मिलीच्या वर लाल आलं तर थेट फर्स्ट ऑन-कॉल' असं सांगायचं. रात्री ८ आणि सकाळी ८, वीस मिनिटं, एक सीनियर हजर. त्या वीस मिनिटांत फोन इंटर्नकडे.

आणि जेआर-१ ओटीत का पोहोचत नाही, तर तो ब्लड बँकेच्या खिडकीपाशी उभा असतो. सॅम्पल पोहोचवणं, रिपोर्ट आणणं, सीटीला ट्रॉली ढकलणं, सरकारी आरोग्य योजनेचे फॉर्म भरणं. रात्री आठ ते दोन या वेळेत दोन मामा किंवा मावशी फक्त सर्जरीच्या ट्रॉली आणि सॅम्पलसाठी मिळाले, तर एक जेआर मोकळा होतो. हे अधीक्षकांकडे मागताना 'मनुष्यबळ कमी आहे' असं लिहू नका. एका आठवड्यात जेआर-१ किती वेळा ब्लड बँकेला गेला आणि किती वेळ उभा राहिला, तो तक्ता जोडा.

---

शल्य_सहायक

सगळ्यांचे मनापासून आभार. फर्स्ट आणि सेकंड ऑन-कॉल सहायक व सहयोगी आलटून-पालटून घेतील, युनिट हेडशी त्यावर बोलणं झालंय. एक प्रश्न उरतो. वर्षातून दोन-अडीच महिने जेआर-३ परीक्षेच्या अभ्यासाला जातात, आणि नवी बॅच त्याच सुमारास किंवा थोडी उशिरा येते. म्हणजे जुने गेलेले, नवे यायचे किंवा अगदीच कोरे. २०२१ ची नीट-पीजी काउन्सेलिंग जानेवारी २०२२ पर्यंत रेंगाळली तेव्हा तर एक अख्खी बॅचच नव्हती. त्या काळात दोन पाळ्या कशा टिकवायच्या?

---

विभाग_चार

त्या काळासाठी वेगळी लिस्ट आत्ताच लिहून ठेवा, तेव्हा सुचत नाही.

परीक्षेच्या महिन्यांत बुधवारची ओटी पूर्ण, शनिवारची अर्धी. दोन मेजरच्या वर नाही. इमर्जन्सी कमी करता येत नाही, म्हणून इलेक्टिव्ह कमी करायचं. बहुतेक युनिटं उलटं करतात: लिस्ट तशीच ठेवतात आणि रात्रीच्या माणसाला सकाळी ओटीत उभं करतात. रात्रीच्या गटात जेआर-३ च्या जागी एसआर टाका आणि सोमवारी दिवसा कॅज्युअल्टीत सहायक प्राध्यापक बसवा. त्या आठवड्यांत रात्रीचा फर्स्ट ऑन-कॉल सहयोगी आणि सेकंड ऑन-कॉल युनिट हेड, कारण दिवसभर कॅज्युअल्टीत बसलेल्याला रात्री उठवणं हीच तर चूक आपण मोडतोय. जेआर-२ दोघे कधीही एकाच गटात नकोत.

नवे जेआर-१ आले की पहिले चार आठवडे त्यांना मोजणीत धरू नका. लिस्टवर नाव लिहा, पण दुसऱ्या नावाखाली. पहिल्या आठवड्यात रात्र नको. या चार आठवड्यांत त्यांच्याकडून फक्त एवढं पक्कं करून घ्या: आयव्ही, कॅथेटर आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), 'सीनियरने यायचंच' या यादीतले सगळे आकडे तोंडपाठ, ब्लड बँकेचा फॉर्म आणि पेशंटची ओळख दोनदा तपासणं, इंटरकॉस्टल ड्रेन (छातीत घालायची नळी) सीनियरसमोर. एसआर प्रत्येक गोष्टीसमोर तारीख टाकून सही करेल. ज्याची सही झाली नाही त्याला ते काम रात्री एकट्याने करायला सांगायचं नाही. एखाद्याचं सहाव्या आठवड्यातही बाकी राहिलं तर राहू द्या, त्याची रात्र पुढे ढकला.

ओटी_परिसेविका सिस्टर म्हणाल्या त्या बदल्या याच महिन्यात पडतात का, तेही अधिसेविकांना आधी विचारून घ्या. भूल विभागाचीही नवी बॅच त्याच दिवशी येते, त्यामुळे त्या चार आठवड्यांत 'शिकवण्याची केस' हा रकाना रिकामाच ठेवा.